घरचा वाफा

“मांजर दिवसभर अंग चाटतं, मालन. आपल्या जिभेला चालत नाही ते त्याच्या अंगाला लावायचं नाही. एवढं कबूल कर.”

मरण्याआधी हे सांगणारी सासू ठमाबाई जाऊन वर्ष झालं होतं. मालनने तेव्हा “हो, आत्याबाई,” म्हटलं होतं. देवापुढे बोलल्यासारखाच तो शब्द तिने धरून ठेवला होता. आज तो आठवायची वेळ आली. आत्याबाईंच्या लाडक्या मांजरीची, कबरीची पिल्लं पिसवांनी भरली होती. तिघांतलं एक सकाळीच गार पडलं. उरलेल्या दोघांच्या हिरड्या पांढऱ्या पडत चालल्या होत्या.

पूजा झाली. मेथी-भाकरीचा नैवेद्य दाखवून झाला. त्याआधी ती पाणीही पीत नसे. मग ती पडवीत पिल्लांपाशी येऊन बसली.

तेवढ्यात तिचा नवरा बहिरू मळ्यातून पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊनच आला.

“चिमूटभर चोळ. दोन मिनिटांत सगळ्या पिसवा आडव्या.”

“आणि कबरी त्यांना चाटेल तेव्हा?”

“एवढ्यानं काय होतंय? मेथीवर मारतो तेच तर औषध आहे.”

मालनने डबा हळूच बाजूला सरकवला. कडुनिंबाचा पाला उकळून, पाणी गाळून ठेवलं होतं. त्यात बोट बुडवून तिने जिभेला लावलं. तिचं तोंड वाकडं झालं, तसा बहिरू हसत सुटला.

“आता वाटीभर पिऊनच टाक. पिसवा तुला बघूनच पळतील!”

तीही हसली. त्या कोमट पाण्यात फडकं भिजवून तिने पिल्लं पुसली. लेकीच्या उवांची बारीक फणी त्यांच्या अंगावरून फिरवली. दातांत अडकलेली एकेक पिसू मिठाच्या पाण्यात बुडवताना ती पुटपुटत होती, “माफ कर रे देवा.” त्यांच्या अंथरुणाचं गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून तिने उन्हात टाकलं. पुन्हा फणी, पुन्हा मिठाचं पाणी. दिवस कलता कलता दोन्ही पिल्लं कबरीला लुचू लागली, तेव्हा कुठे ती उठली.

अंगणात मेथीच्या जुड्या गोणपाटावर रचून ठेवल्या होत्या. पहाटेच्या टेम्पोने त्या शहरातल्या द्वारकेच्या भाजीबाजारात विकायला जायच्या होत्या. मालन जाता जाता थांबली. कोवळी, हिरवीगार मेथी. तिने एक पान खुडलं. दुपारी बोट नेलं होतं तसंच ते जिभेकडे नेलं.

“अगं, टाक ते!” बहिरू धावत आला. त्याने तिच्या हातातलं पान उडवलं. “सकाळीच औषध मारलंय त्याच्यावर. कळत नाही का तुला?”

बोलून झालं आणि त्याची नजर रचलेल्या जुड्यांवर गेली.

विहिरीपलीकडे घरचा वाफा होता. त्यावर कधीच काही मारलं जात नसे. घरच्या ताटातली आणि देवाच्या नैवेद्याची मेथी इतकी वर्षं तिथूनच यायची. त्यातून फार तर वीस जुड्या निघाल्या असत्या.

शब्द देताना मालनला वाटलं होतं, तो मांजरापुरताच आहे.

तिने खुंटीवरचा विळा घेतला आणि ती विहिरीकडे निघाली. मागे बहिरू रचलेल्या जुड्या एकेक करून बाजूला काढू लागला होता.