चौकशी करून घेतलेली स्कूटर

मिस्त्रीने स्कूटरच्या तपासणीचे कागद पुढे केले, तेव्हा ती दचकली. बाही मनगटापर्यंत ओढून घेत ती एकेक कागद वाचू लागली.

"घाबरू नका ताई," मिस्त्री म्हणाला. "गाडी माझ्या वडिलांच्या वेळची आहे, पण इंजिन अजून ठणठणीत."

इंजिनाबद्दल तिने विचारलंच नव्हतं. आधी पाहिलेल्या जुन्या स्कूटरींचे शेरे चांगले होते, तरी तिचं मन घेत नव्हतं. इथे मात्र ती एका ओळीवर अडली. दोन्ही ब्रेक सदोष. त्याच्या आधीच्या वर्षीही तेच.

मिस्त्री ओशाळला. आडपडदा न ठेवता त्याने सांगून टाकलं, की सपाटीवर ब्रेक नीट लागतात, पण लांब उतारावर तापले की ऐनवेळी दगा देतात. आधी काही कळत नाही. जुन्या गाडीचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, पण मागवले आहेत. आले की स्वतः बसवून देईन.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवऱ्याचा होता.

"बाजारात आहे. निघालेच," ती हळूच म्हणाली. फोन ठेवल्यावरही तिची नजर रस्त्यावरून हलेना.

"तुमच्या वाटेत उतार आहे का?" मिस्त्रीने विचारलं.

"घरच टेकाडावर आहे."

"मग अशी नेऊ नका. माझ्या जिवाला घोर लागेल."

तिने त्याची समजूत घातली. भावाचं गॅरेज आहे, तो ब्रेक बसवून देईल, तोवर गाडीला कुणी हात लावणार नाही. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. त्याने स्वतः दोर आवळून स्कूटर टेम्पोत बांधून दिली.

चढ चढून टेम्पो दाराशी थांबला. नवरा बाहेर आला. उशीर का झाला, म्हणत त्याने तिचा दंड पकडला. मग त्याची नजर टेम्पोकडे गेली आणि पकड सैल झाली. अशीच स्कूटर त्याला कधीपासून हवी होती. गाडी खाली उतरवून होताच तो सीटवर बसला, किक मारली आणि हँडल उताराकडे वळवलं.

"ब्रेक नीट पाहिलेस ना?"

"पाहिले ना," ती म्हणाली. "त्यासाठीच तर एवढा उशीर झाला."