नुसतं बघणं

"पडद्यावर हे धडधडतंय ना, ते तुझ्या बाळाचं काळीज," असं म्हणत डॉक्टरबाईंनी पोटावरचा सोनोग्राफीचा प्रोब तसाच धरून ठेवला. मागच्या खेपेला कालिंदाचं मूल पोटातच गेलं होतं. आज तिला डोळे भरून बघू दे, असं त्यांना वाटलं.

आणि पडदा काळा झाला.

"बाई, थांबलं! याचंबी थांबलं!"

सोनोग्राफीचं हे छोटं मशीन बनवून तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायला आलेला हेरंब त्या किंकाळीसरशी पुढे धावला. मशीन बिघडलं नव्हतं. प्रोब हलायचा थांबला म्हणजे तपासणी संपली, असं धरून चित्र बंद करायचं, हे त्यानेच ठरवलं होतं. त्या युक्तीने बॅटरी दुप्पट चालायची. ऑफिसात सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. कुणी नुसतं बघत राहील, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याने घाईघाईने बटण दाबलं. इवलं काळीज पुन्हा धडधडताना दिसलं.

कालिंदाने त्याचा तोच हात ओढून कपाळाला लावला. "दादा, माझं लेकरू माघारी आणलं तुम्ही."

हेरंबला मान वर करवेना.