राणीचा मुखवटा

“ही तर चेटकीण झाली. मला राणी हवीय,” म्हणत कवीने कारागीर थेरोनला मुखवटा परत केला. नाट्यस्पर्धा तोंडावर आली होती. नाटकातला राजा देवाला पोटच्या मुलीचा बळी देतो आणि राणी त्याला जेवणातून विष घालते. बळीचा प्रसंग नाटकाच्या आधीच होऊन गेलेला. अथेन्सच्या प्रेक्षकांना दिसणार होती ती फक्त खुनी राणी.

त्याच आठवड्यात थेरोनच्या बायकोला, फिलाला, मुलगी झाली. “पुन्हा पोरगीच,” सुईण म्हणाली. मूल ठेवायचं की टाकायचं, हे तिथे बापच ठरवी. थेरोनने ते टोपलीत घालून डोंगरावर नेऊन ठेवलं. रिकामी टोपली घेऊन तो परतला, तेव्हा फिला रडली नाही, भांडली नाही. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तो तसाच कामाला बसला आणि कापडा-चुन्यात त्याने तो चेहरा उतरवला.

प्रयोगात राणी समोर आली आणि पायऱ्यांवर बसलेल्या प्रेक्षकांची कुजबुज थांबली. “लेका, हा चेहरा पाहिलास तरी कुठे?” कवीने त्याला मिठीच मारली.

घरी फिलाने मसुराची आमटी आणि भाकरी वाढली.

“तू नाही जेवत?”

“मला भूक नाही. तुम्ही जेवा,” म्हणत ती समोर बसली.

थेरोनने भाकरीचा तुकडा मोडला. तो बराच वेळ त्याच्या हातातच राहिला.