सहा पिंपं गाळ

थोरल्यांनी टाकीवर वाकून श्वास ओढला, मग पुन्हा एकदा ओढला. वासच नव्हता.

रंगाई कारखान्याचं सांडपाणी साफ करणारी ही टाकी त्यांनी बावीस वर्षं सांभाळली होती. तळातून हवा सुटायची, पाण्यात तपकिरी गाळ घुसळत राहायचा आणि त्या गाळातले जंतू रंग खाऊन जगायचे. टाकीची तब्येत ठणठणीत असली की तिला ओल्या मातीचा वास यायचा. थोरल्यांचा भरवसा मीटरवर कमी, नाकावर जास्त. कारखान्यात त्यांना ‘नाकवाले’च म्हणत. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी टाकीतला गाळ अचानक कमी भरला, तेव्हा त्यांनी सगळा कारखाना डोक्यावर घेतला होता. वॉचमन शपथेवर सांगत होता, “परकं कुणी आत आलं नाही हो!” तेव्हा निदान गाळ जिवंत तरी होता. आज फेस पांढराफटक पडला होता. जंतू मेले होते, आणि मारले होते खुद्द थोरल्यांनीच.

कारण एकच. धाकटे साडू.

धाकटे पलीकडच्या रंगीत कागदाच्या कारखान्यात हेच काम करत. तिथे तीन वर्षांपूर्वी मेम्ब्रेनचा, म्हणजे जंतूंनी साफ केलेलं पाणी बारीक पडद्यातून गाळणारा, नवा प्लँट बसला. त्यातून पाणी असं निघे की ते परत यंत्रांनाच वापरत, बाहेर थेंबही सोडत नसत. धाकट्यांनी त्या पाण्यात मासे सोडले आणि काचेची पेटी गेटवर ठेवली. पाहुणे येत, माशांचे फोटो काढत, मग धाकट्यांचेही काढत. एक फोटो वर्तमानपत्रात आला. थोरल्यांच्या बायकोनं तो कापून फ्रिजवर चिकटवला. स्वतःच्या घरच्या फ्रिजवर! रोज सकाळी दूध काढताना थोरल्यांना धाकट्यांचे दात बघावे लागत. ज्याला टाकीची शिडी चढायला आपण शिकवलं, तो हा! अंगाची लाही लाही होई. तोंडानं मात्र ते “छान, छान” म्हणत.

अशात निरोप आला की प्रदूषणवाले तपासणीला येणार, दोन्ही कारखान्यांत एकाच दिवशी. थोरल्यांचं पाणी नियमात बसत होतं, पण त्यात किंचित गुलाबी झाक राहायची. धाकट्यांच्या बाटलीशेजारी आपली बाटली ठेवली तर? त्या विचारानं त्यांना झोप येईना. शेवटी त्यांनी ब्लीचिंग पावडरची चार पोती आणली आणि थेट जंतूंच्या टाकीत ओतली. नवशिक्यानं असं केलं असतं तर त्यांनी त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं. दोन दिवस पाणी लखलखीत निघालं. तिसऱ्या दिवशी लालभडक.

“तपासणीला दहा दिवस आहेत,” मॅनेजर म्हणाले. “पाणी असंच राहिलं तर कारखान्याला टाळं. दोनशे माणसं घरी बसतील. साडूंकडून जिवंत गाळ आणा.”

“दुसरीकडून आणतो ना.”

“रंग खाणारे जंतू आसपास दुसरीकडे आहेत कुठे?”

सहा रिकामी पिंपं टेम्पोत टाकून थोरले निघाले. वाटेत त्यांनी तीन सबबी तयार केल्या. हवा सोडणारा ब्लोअर बिघडला, वीज गेली, कुणीतरी ॲसिड सोडलं. गेटवरच्या माशांकडे त्यांनी बघितलं नाही.

धाकट्यांनी पिंपं बघितली. काही विचारलं नाही. पंप चालू केला आणि पहिल्या पिंपात पाईप सोडला. त्यांनी एखादा टोमणा मारला असता तरी थोरल्यांना बरं वाटलं असतं. हे मुकाट्यानं देणं जास्त झोंबत होतं.

दुसरं पिंप भरलं तेव्हा वारा फिरला. थोरल्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी हात पिंपात घालून मूठभर गाळ नाकाशी नेला. ओली माती, आणि तिच्यामागे किंचित गंजल्यासारखा एक वास. तो वास फक्त एका टाकीला होता. बावीस वर्षं त्यांच्या कपड्यांना तोच येत होता.

त्यांना तीन वर्षांपूर्वीचा, गाळ कमी भरला त्या सोमवारच्या आदल्या दिवशीचा रविवार आठवला. धाकट्या मेहुणीनं आग्रहानं जेवायला बोलावलं होतं. धाकटे दोन तास उशिरा घरी आले होते आणि तीन-तीनदा साबणानं हात धूत होते. जेवताना शेजारून हाच वास आला होता. थोरल्यांना वाटलं होतं, आपल्याच शर्टाचा असेल.

“साडूबुवा,” ते हळूच म्हणाले, “हा गाळ आला कुठून?”

धाकट्यांनी पंप बंद केला.

“तुमचाच आहे, दादा. आमच्या नव्या प्लँटमध्ये जंतू धरतच नव्हते. साहेबांनी मला आठवड्याची मुदत दिली होती. मग तुमच्या वॉचमनला सांगितलं, दादांनीच पाठवलंय, आणि सहा पिंपं उचलली. आज जे काही नाव आहे ते तुमच्या विरजणावर.”

थोरल्यांच्या हातातून गाळ ओघळत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना धाकट्यांच्या वरचढ असल्यासारखं वाटलं.

“अरे, मग चोरलं कशाला?” ते ओरडले. “मागितलं असतं तर मी दिलं नसतं का?”

“दिलं असतंत,” धाकटे म्हणाले. “एक शब्द न बोलता दिलं असतंत. तेच तर मला सोसलं नसतं.”