आबांचं पान

साळवेसाहेबांनी यादी टेबलावर ठेवली आणि चौथ्या नावावर बोट टेकवलं.

"भीमराज, हे तुम्हीच ना?"

आबांनी चष्मा लावला. वयाची अठ्ठावन्न पूर्ण होऊनही कामावर असलेल्यांची ती यादी पुण्याच्या हेड ऑफिसनं कॉम्प्युटरवरून काढली होती. अख्ख्या कारखान्यातून चारजण निघाले होते. चौथं नाव टाइम ऑफिसच्या हजेरी कारकुनाचं. जन्मतारीख १ जून १९३८.

"म्हणजे गेल्या जूनलाच तुम्ही निवृत्त व्हायला हवं होतं," साहेब म्हणाले. "सर्व्हिस बुकं तुमच्याच कपाटात असतात."

कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसलेल्या त्यांच्या मुलीचे, भारतीचे हात थांबले.

"हे पान घरी नेऊ का, साहेब?" आबांनी विचारलं. "एकदा बघतो."

"न्या. उद्या सर्व्हिस बुक घेऊन या."

नगरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात आबांनी सत्तावीस वर्षं हजेरी मांडली होती. मान वर न करता, चपलांच्या आवाजावरून ते माणूस ओळखत. मग शहाण्णवच्या दिवाळीनंतर गेटवर कार्डांचं घड्याळ बसलं, पाठोपाठ कॉम्प्युटर आला. तो चालवायला कोर्स केलेलं माणूस हवं होतं. आबांनी शब्द टाकला आणि भारती सहा महिन्यांच्या बोलीवर लागली.

पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला बजावलं होतं, "पुण्याला गेलेल्या माहितीत एक चूक निघाली, तरी ते ऑपरेटर बदलतील. नाही निघाली, तर मेमध्ये कायम."

चारशे बारा पुस्तकं तिनं कॉम्प्युटरवर चढवली. तिनं टाइप करायचं, आबांनी छापलेला कागद पुस्तकाशी ताडून बघायचा. हातात लाल पेन्सिल. चुकलं तिथं गोल, जमलं तिथं बरोबरची खूण. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी कागद नुसताच उलटला होता. "माझं काय बघायचं? मी काय पळून चाललोय?" भारतीही तेव्हा हसली होती. बापाचं पान म्हणून आपला हात जराही रेंगाळला नाही, याचा तिला अभिमानच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी आबा रिकाम्या हातानं साहेबांपुढे उभे राहिले.

"पुस्तक सापडत नाही, साहेब. वाळवीनं खाल्लं असंल."

"आणि तारीख?"

"कॉम्प्युटरचं बरोबर हाय."

सत्तावीस वर्षांत ज्याच्या हातून एक चिठ्ठी हरवली नव्हती, त्याचं नेमकं तेच पुस्तक हरवलं. साहेबांनी चौकशी लावली नाही. राजीनामा लिहून घेतला. बाकी तिघांना शाल-नारळ मिळाला. आबा दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन गेटाबाहेर पडले.

गेटवरच्या सूर्यभाननं सलाम ठोकला. "एकोनसाठीत केस काळे! आबा, कलप कुठला लावता ते तरी सांगून जा."

पाळीची सगळी माणसं हसली. आबाही हसले. भारती खिडकीतून बघत होती.

संध्याकाळी भिंगारच्या घरी तिला राहवलं नाही.

"वर्षभर वय लपवलंत. लोकांची हजेरी मांडत होता तुम्ही, आबा! मला त्याच खुर्चीवर बसायचंय. काय तोंड दाखवू?"

"व्हय. चुकलंच."

"पुस्तक तुम्हीच दडवलंत ना?"

आबा भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"कॉम्प्युटर आहे तो. तो चुकत नाही," ती म्हणाली.

"न्हाई. त्यो चुकत न्हाई," आबा म्हणाले. "तू जेवून घे, पोरी."

मेमध्ये भारती कायम झाली. पेढे तिनं ऑफिसात वाटले. घरी पुडा नुसताच फळीवर ठेवला. आबा रोज आठाच्या भोंग्याच्या वेळेला दाढी करून ओट्यावर बसत. छप्पन साली वडिलांनी, म्हणजे भारतीच्या सहादूआज्यानं, आपल्याला खांद्यावर बसवून नागपूरला दीक्षेचा सोहळा दाखवला, ही त्यांची आवडती गोष्ट. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. त्या यादीनंतर ती गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नाही. भारतीनंही विचारलं नाही. दोघांत बोलणं उरलं होतं ते जेवलात का, जेवलीस का, एवढंच.

नव्व्याण्णवच्या थंडीत आबा झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाला साळूआत्या आली. आबांची थोरली बहीण. वंदना झाली, माणसं पांगली, तशी ती फोटोपुढे बसून बोलू लागली.

"लई हट्टी हुता गं. नागपूरला म्हनं, मला काईच दिसत न्हाई. मग बापानं घेतला खांद्यावर. मी चालत, अन् ह्यो वरून मलाच वेडावतोय."

"तू केवढी होतीस, आत्या?"

"बारा वर्साची. ह्यो माज्यापरीस चार वर्सांनी धाकला."

भारती उठली. आबांची पत्र्याची पेटी तिनं अजून उघडली नव्हती.

तळाशी, धोतराच्या घडीत सर्व्हिस बुक होतं. वाळवीचं एक भोकही नव्हतं. पहिल्याच पानावर निळ्या शाईत जन्मतारीख होती: १ जून १९४८. आत साहेबांनी घरी नेऊ दिलेली ती यादी होती. १९३८ मधल्या तीनभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला होता. मग तो गोल खोडून, शेजारी बरोबरची खूण केली होती.