भरलेलं पटांगण

तसबिरीला घातलेला हार वीतभर लांब झाला होता. झेंडूची शेवटची दोन फुलं टेबलावर टेकली होती. मुख्याध्यापिका वाकोडेबाईंनी तो वर ओढला.

तसबिरीतल्या आमदारांनी सरकारी शाळांसाठी विधानसभेत भांडण्यात तीस वर्षं घालवली होती. ही शाळा बंद करण्याचा कागद दोनदा आला. दोन्ही वेळा "सही करू नका, बाई, पोरं येतील," असा त्यांचा फोन आला आणि बाईंनी कागद कपाटात ठेवला. पोरं आली नाहीत. शोकसभेला शाळेची तीनच मुलं होती.

"फोटोत पटांगण खाली दिसन ना, बाई!" म्हणत सरपंचांनी पिवळी बस थांबवली. इंग्रजी शाळेला जाणारी गावातलीच चाळीस मुलं टाय सावरत रांगेत उभी राहिली.

"आजोबा शाळा-शाळा म्हणायचे, ती हीच का?" त्यांतल्या आमदारांच्या नातीनं विचारलं.

बाई नुसतं "हो" म्हणाल्या.

"शाळेला साहेबांचंच नाव देऊ!" सरपंच माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या.

बाईंनी माइक मागून घेतला.

"नाव नको. उद्या मी सही करते. जूनपासून ही शाळा बंद."