शंभराला साडेसात

म्हाताऱ्याने गाडीचा रंग पाहिला नाही, चामड्याच्या सीटवरून हात फिरवला नाही, किंमतसुद्धा विचारली नाही. त्याने एवढंच विचारलं, “शंभर किलोमीटरला किती पिते?”

“साडेसात लिटर,” सेरझान वडीलधाऱ्याशी बोलावं तशा अदबीने म्हणाला. “धूड हत्तीचं, भूक शेळीची. हायब्रिड आहे ना, आगाय. निम्मं काम बॅटरी करते.”

“बॅटरी ठीक आहे?”

“घोड्यासारखी.”

“घोडेही म्हातारे होतात,” म्हातारा म्हणाला आणि वाकून चाकं बघू लागला.

अल्माटीच्या वेशीवरच्या या बाजारात गाड्या विकण्यात सेरझानची बारा वर्षं गेली होती. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की घेणारं कोण आणि नुसतं हिंडणारं कोण, हे तो लांबूनच सांगायचा. हा म्हातारा मात्र कशातच बसेना. कोपरांशी झिजलेला कोट, कानांवर ओढलेली लोकरीची टोपी. नाव मोल्दाबेक, ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालो, असं त्याने सांगितलं होतं. ट्रॉलीबसवाल्याच्या पेन्शनीत या गाडीचे टायरही आले नसते.

“कुणासाठी घेताय?”

“बहिणीसाठी. तिला हीच हवी आहे.”

“चालवणार कोण? तुम्हीच?”

“ती चालवते. माझ्यापेक्षा बरी चालवते.” म्हातारा उठून उभा राहिला. “वर डोंगरातल्या मेदेऊपर्यंत जाऊन येऊ या. चढावर किती पिते आणि उतारावर किती वाचवते, ते मला डोळ्यांनी बघायचंय.”

सेरझान सावध झाला. गेल्याच महिन्यात शेजारच्या रांगेतल्या गालिमची गाडी एक भला माणूस ‘जरा चालवून बघतो’ म्हणून घेऊन गेला होता. तो अजून बघतोच आहे. सेरझानने म्हाताऱ्याच्या परवान्याचा फोटो काढला, गालिमला पाठवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालून शेजारी बसला; गाडी बटणावर सुरू व्हायची, किल्ली आत असली की पुरे.

म्हाताऱ्याने हात खाली घालून सीट पुढे ओढली, जराही चाचपडला नाही. मग स्टिअरिंगवरचं एक बारीक बटण अंगठ्याने दाबून धरून पेट्रोलच्या सरासरीचा आकडा शून्यावर आणला. ते बटण सापडायला सेरझानला दोन दिवस लागले होते.

“अशी गाडी चालवलेली दिसतेय.”

“शेजारी बसून बघितलंय.”

शहर मागे पडलं, चढ लागला. आकडा अकरावर गेला, मग चौदा, मग सोळा. सेरझानने चार विनोद केले. म्हातारा एकालाही हसला नाही. त्याचे डोळे रस्ता, आरसा आणि तो आकडा, एवढ्यातच फिरत होते.

देवदारांच्या वळणावर त्याने गाडी एकाएकी कडेला घेतली. पुढे काळ्या काचांची एक गाडी उभी होती.

“मागच्या चाकातून आवाज येतोय,” म्हातारा म्हणाला. “उतरून बघतोस?”

सेरझानने खिशातली किल्ली मुठीत धरली. “तुम्हीच बघा, आगाय. मला थंडी सोसत नाही.”

म्हातारा उतरला, चाकाच्या खाचेत अडकलेला खडा काढून फेकला आणि परत येऊन बसला. काळ्या काचांच्या गाडीतून एक बाई दोन पोरांना घेऊन उतरली आणि डोंगराकडे फोन धरून फोटो काढू लागली. सेरझानला स्वतःची लाज वाटली, पण खिशातल्या किल्लीवरचा हात त्याने काढला नाही.

मेदेऊहून गाडी उताराला लागली. इंजिन बंद पडल्यासारखं मुकं झालं, बॅटरी भरत गेली आणि आकडा घसरू लागला. बाजाराच्या फाटकात शिरताना तो सात पूर्णांक चारवर थांबला.

“माझ्या बोलण्यापेक्षा कमीच,” सेरझान म्हणाला. “आता तरी पटलं?”

“मला पटलं.” म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. “हे वाच आणि सही कर.”

कागदावर गाडीचा क्रमांक होता. बॅटरीत दोष नाही, मी स्वतः तपासली आहे, सरासरी शंभराला साडेसात लिटर, असं खाली लिहिलं होतं. सेरझानने तो दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली. कुठे फास दिसेना. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि या बाजारात असा कागद रोज लिहिला जात नाही. त्याने सही ठोकली. गालिमनेही साक्षीदार म्हणून खाली सही केली.

म्हाताऱ्याने कागद नीट घडी करून आतल्या खिशात ठेवला. “आता एकच काम. हेच सगळं माझ्या बहिणीला तुझ्या तोंडून सांग. तिला पेट्रोलची धास्ती बसलीय. कुणीतरी तिच्या मनात नको ते भरवलंय.”

सेरझानला हायसं वाटलं. म्हणजे पैसा बहिणीचा, गाडी बहिणीची, आणि हा बिचारा भाऊ नुसता तपासायला आलेला. सकाळपासून आपण उगाच त्याला चोर समजत होतो.

“लोक काय, काहीही सांगतात,” तो म्हणाला. “लावा फोन.”

म्हाताऱ्याने फोन लावला, आवाज मोठा केला आणि सेरझानच्या तोंडासमोर धरला.

“आपाय, नमस्कार,” सेरझान थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा आवाजात मध घालून म्हणाला. “अजिबात काळजी करू नका. बॅटरी ठणठणीत आहे, मी स्वतः तपासलीय. शंभराला साडेसात लिटर, त्यापेक्षा थेंब जास्त नाही. अशी गाडी हातातून जाऊ देऊ नका.”

पलीकडून बाई सावकाश म्हणाली, “हाच आवाज, मोल्दाबेक. पंधरा दिवसांपूर्वी याच गाडीबद्दल यानेच मला फोनवर सांगितलं होतं, ‘आपाय, तुमच्या गाडीची बॅटरी मेलीय, शंभराला अठरा लिटर पितेय, भंगाराचा भाव घ्या आणि माझ्या माणसाच्या हातात किल्ली देऊन मोकळ्या व्हा.’”